कुंडलिक शिंप्याचे गडी

शहापूरच्या बाजारपेठेत कुंडलिक शिंप्याचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडे, बरोबर त्याच्या समोर, माझी भाड्याची खोली. १९५३ साली मी इथल्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून आलो. तेव्हापासून तेरा वर्षं रोज सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्याचं. मशीनवर वाकलेला, गळ्यात टेप, आणि रस्त्यावरून कुत्रं जरी गेलं तरी मान वर करून बघणारा.

त्याच्याइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा. पोस्टमन पत्र टाकून गेला की ते न फोडता माझ्याकडे घेऊन यायचा. वाचता येत होतं त्याला. पण पाकिटात काय असेल याची भीती. मी हसायचो. कारण कळलं ते पुढच्या वर्षी, त्याच्या बायकोकडून. दुकानाच्या माळ्यावर त्याचा धाकटा भाऊ कमळू क्षयानं गेला होता, एकोणिसाव्या वर्षी. आठ महिने कुंडलिकनं त्याचं सगळं केलं. संध्याकाळ झाली की ताप चढायचा, आणि कुंडलिक खाली मशीनवर बसून वरचा खोकला ऐकत राहायचा. "तवापासून हे असेच," ती म्हणाली. "घरात कुणी शिंकलं तरी उठून बसतात."

पण हाच माणूस हुतूतूचा सामना म्हटला की दुकानाला कुलूप लावून निघायचा. किन्हवली असो, मुरबाड असो, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर पायी. मी शाळेत कवायत घ्यायचो, म्हणून गावानं माझ्या गळ्यात शिट्टी अडकवून मला पंच केलं होतं. त्यामुळे बहुतेक सामन्यांना आम्ही बरोबरच जायचो, आणि परतताना तो बोलत असायचा. एरवी गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायला अडखळणारा कुंडलिक खेळाडूंबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही.

मुरबाडच्या म्हादूबद्दल म्हणायचा, "त्याचे डोळे नका बगू, मास्तर. डोळे झोपलेलेच असतात. पायाचे अंगठे बगा. पकड करायच्या आधी अंगठे मातीत रुतवतो. समोरच्या गड्याला ते दिसत नाय, मला दिसतं." किन्हवलीचा बाळ्या उंचीनं माझ्या खांद्याएवढा, माणसांच्या काखेखालून निसटायचा. त्याच्या चड्डीला कुंडलिक दुहेरी कापड लावायचा, तरी ती फाटायचीच. एकदा तो फाटलेली चड्डी एका हातानं धरून, तोंडानं हुतूतू चालू ठेवून, दोन गडी मारून परत आला होता. ही गोष्ट कुंडलिकनं मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. हसून नव्हे. मायेनं.

तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्या चांगल्या गड्यांचे कपडे तोच शिवायचा. प्रत्येकाची मापं त्यानं एका वहीत लिहून ठेवली होती, सालवार. कोण कुठल्या वर्षी किती भरला ते त्या वहीत दिसायचं.

मी एकदा विचारलं, "कुंडलिकराव, तुम्ही कधी खेळला नाहीत?"

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "सोळाव्या वर्षी एकदा रेघ ओलांडली. तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाय. समोरचे सात जण हसले. मी मागं फिरलो तो फिरलोच. हे लोक एका दमावर परक्या अंगणात एकटे जातात, मास्तर. मला तर भरल्या बाजारातनं जायची भीती वाटते."

या सगळ्यांत त्याचा जीव होता तो यमाजीवर.

यमाजी शहापूरच्या कडेला असलेल्या वाडीवरचा. जमीन नाही. दिवाळी झाली की बायको ठकू आणि पोरांना घेऊन सिद्धगडच्या पायथ्याला कोळशाच्या भट्टीवर जायचा, तो पाऊस तोंडावर आला की परत. काळा, लांब हातापायांचा, चालताना जरा पुढे वाकलेला. आमच्या संघाचा कप्तान चंदर भोईर, भातगिरणीवाल्यांचा मुलगा. त्यानं यमाजीला पहिल्यांदा खेळताना पाहिलं ते वाडीवरच्या पोरांबरोबर, आणि तिथून उचलून थेट संघात घातलं. गावात कुजबूज झाली. पहिल्याच सामन्यात यमाजीनं मुरबाडच्या चौघांना अंगावर घेऊन मधली रेघ गाठली, आणि कुजबूज थांबली.

त्याचा दम हा चमत्कार होता. हुतूतूत सगळा खेळ दमाचा. रेघ ओलांडताना जो श्वास घ्याल त्याच श्वासात गडी मारून परत यायचं, मध्ये दम तुटला की तुम्ही बाद. बाकीचे कसलेले गडी चाळीसएक मोजेपर्यंत परतायचे. यमाजी आत गेला की माझ्या मागे बसलेला कुंडलिक पुटपुटत मोजायचा. साठ, पासष्ट, सत्तर. सत्तरच्या पुढे त्याचा स्वतःचाच श्वास अडकायचा. यमाजी परत आला की कुंडलिक डोळे मिटून घ्यायचा आणि त्याच्या कपाळावरून घाम गळायचा. मी त्याला म्हणायचोही, एवढा त्रास होतो तर बघता कशाला. त्यावर तो नुसता मान हलवायचा.

१९५८ च्या चैत्रात शहापूरला तालुक्यांचे सामने ठरले. शेवटचा सामना शहापूर आणि मुरबाड असाच होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. चंदरनं सातही गड्यांना नवे कपडे शिवायला सांगितले. यमाजीला भट्टीवर निरोप धाडून मापासाठी बोलावलं. सामन्याला पंधरा दिवस होते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कुंडलिकच्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो. ऊन उतरलं होतं. यमाजी आला, अंगावर भट्टीचा वास घेऊन. "बसा मास्तर, बसा," म्हणत उभा राहिला. कुंडलिक हसत हसत उठला, टेप छातीभोवती फिरवली, आणि त्याचं हसणं थांबलं. त्यानं वही उघडली. पुन्हा टेप लावली. मग टेप सोडून त्यानं तळहात यमाजीच्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"अंग तापलंय रे तुझं."

"उन्हाचं चालत आलो, दादा."

"रोज तापतं? सांजच्याला?"

यमाजी हसला. "भट्टीच्या आगीत उभं राहून अंग गार कसं राहील? धुरानं खोकला पण हाय. पाऊस लागला की जातो."

माप देऊन तो भट्टीवर परत गेला. कुंडलिकनं वही माझ्यापुढे धरली. छाती गेल्या वर्षीपेक्षा अडीच इंचांनी कमी होती.

"मास्तर, कमळूचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "आधी सदरा ढिला झाला. मला वाटलं, मीच चुकीचा शिवला."

मी काय बोललो ते मला आजही आठवतं आणि लाज वाटते. मी म्हणालो, "तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं, कुंडलिकराव. सामना होऊ द्या, मग बघू." मलाही सामना हवा होता. शाळेतली पोरं महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती, आणि मीही नाही.

तो चंदरकडेही गेला. चंदर वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फायनल झाली की मी स्वतः दवाखान्यात नेतो त्याला. पंधरा दिवसांनी काय बिघडतं?" पंधरा दिवसांत काय बिघडतं ते कुंडलिकला माहीत होतं, पण चंदरच्या ओसरीवर बसलेल्या पाच-सात जणांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तो परत आला आणि दोन दिवस जेवला नाही.

मग त्यानं एक गोष्ट केली. सामन्याला सहा दिवस असताना सकाळच्या एसटीनं तो एकटा मुरबाडला गेला, आणि तिथून पायी सिद्धगडच्या रानात. हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. पानं गळून रान उघडं पडलेलं, भर दुपार, तरी पाचोळ्यात काही सळसळलं की तो झाडाला पाठ लावून उभा राहायचा. त्या बाजूला बिबट्यानं एक गुरं राखणारा नेला होता, असं एसटीत कुणीतरी बोललं होतं. दोनदा तो परत फिरला. दोनदा पुन्हा वळला. शेवटी लांबून धूर दिसला आणि धुरापाठोपाठ खोकला ऐकू आला. त्या खोकल्यानं, तो म्हणाला, मला बिबट्याचा विसर पडला.

भट्टीजवळच्या खोपीत ठकू होती. कुंडलिकला बघून तिनं आधी पोरांना लांब पिटाळलं. मग खोपीच्या कुडात खोचलेलं एक फडकं काढून त्याच्यापुढे धरलं. धुतलेलं होतं, पण डाग गेले नव्हते.

"कवापासून गो?"

"शिमग्याच्या आदीपासून. मला बोलला, कुणाला सांगशील तर बग. तुमी सांगा त्याला, दादा. माजं नाय ऐकत."

यमाजी आला तेव्हा त्याला कळलं की फडकं दाखवून झालंय. तो बायकोवर चिडला नाही. कुंडलिकच्या शेजारी खाली बसला.

"दवाखान्यात चल," कुंडलिक म्हणाला. "आत्ता चल माझ्याबरोबर. आता औषधं निघालीत. माझ्या भावाच्या टायमाला नव्हती."

"सामना झाला की येतो."

"सामन्यात मरशील रे."

यमाजी काडीनं माती उकरत राहिला. म्हणाला, "दादा, मुकादम मला 'ए' म्हणून हाक मारतो. वाण्याच्या दुकानात मी पायरीखाली उभा. त्या आखलेल्या चौकोनात मी गेलो की हजार माणूस माझं नाव घेतं. यमाजी, यमाजी. तुमी पण घेता. मग आता तुमीच कसं सांगता, नको जाऊ?"

कुंडलिकनं फडक्याची घडी घातली. मग विचारलं, "तुला भ्याव वाटत नाय?"

"वाटतं की. दर वेळी वाटतं. रेघ ओलांडायच्या आदी मागं फिरावंसं वाटतं. तुमाला काय वाटलं, नाय वाटत?"

कुंडलिकला खरंच तसं वाटत आलं होतं. परतीच्या वाटेवर त्याला रानाची भीती वाटली नाही. दुसरीच भीती बरोबर होती.

सामन्याच्या दिवशी बाजारामागच्या मोकळ्या शेतात पाय ठेवायला जागा नव्हती. मुरबाडहून माणसं ट्रक भरून आली होती. मी शिट्टी घेऊन रेघेवर उभा होतो. कुंडलिक माझ्या मागे, नेहमीच्या जागी. त्यानं मला फडक्याचं सांगितलं होतं. तरी मी शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू केला. पंच म्हणून मला अधिकार होता, माणूस म्हणून धीर नव्हता. चंदर, गाव, एवढी माणसं. घाबरट मी कुंडलिकला म्हणायचो.

यमाजी पहिल्यांदा आत गेला आणि लोकांनी त्याच्या नावाचा गजर सुरू केला. मागून पुटपुटणं ऐकू येत होतं. एकतीसला यमाजी परतला. एक गडी मारून आला म्हणून लोक खूष झाले. एकतीस हा आकडा फक्त आम्हा दोघांना कळला. पुढची चढाई सव्वीस. त्याच्या पुढची बावीस. नवा बनियन घामानं अंगाला चिकटला आणि त्याच्या पाठीच्या बरगड्या दिसायला लागल्या. मधल्या विश्रांतीत त्यानं पाणी घेतलं नाही, उकिडवा बसून राहिला.

दुसऱ्या डावात, दोन्ही संघ बरोबरीत असताना, म्हादूनं त्याचा घोटा धरला आणि चौघं त्याच्यावर पडले. दम तुटलेला मला ऐकू आला. कापड फाटावं तसा आवाज. माणसं बाजूला झाली तेव्हा यमाजी उठला, तोंड बनियनच्या खांद्याला पुसलं आणि बाहेर जाऊन बसला. खांद्यावर लाल उमटलं होतं. धूळ आणि घामात ते कुणाच्या लक्षात आलं नसेल. म्हादूच्या आलं. तो आपल्या हाताला लागलेल्या रक्ताकडे बघत उभा राहिला.

थोड्याच वेळात आमच्या संघानं त्यांचा एक गडी मारला आणि यमाजी पुन्हा खेळात आला. चंदरनं त्यालाच चढाईला जायची खूण केली. लोक उभे राहिले. यमाजी रेघेकडे चालू लागला, पुढे वाकून, एक हात छातीवर.

तेव्हा कुंडलिक उठला. माझ्या बाजूनं तो मैदानात शिरला. मला वाटलं, त्याला काहीतरी झालंय, कारण त्याचा चेहरा पांढराफटक होता. तो मधल्या रेघेपर्यंत गेला आणि यमाजीच्या समोर, रेघेवरच, खाली बसला.

एक क्षण कुणालाच काही कळेना. मग ओरडा सुरू झाला. "शिंप्या, ऊठ." "येडा झाला काय रे." कुणीतरी ढेकूळ मारलं, ते त्याच्या कानावर लागलं. चंदर धावत आला, त्याला बखोटीला धरून ओढायला लागला. कुंडलिक ओठ हलवत होता, आवाज निघत नव्हता. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. "मी उठणार नाय. मी उठणार नाय." एवढंच, पुन्हा पुन्हा.

यमाजी त्याच्याकडे बघत होता. "उठा दादा," तो हळू म्हणाला. "मला जाऊ द्या." आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

मी शिट्टी वाजवली. जे पंधरा दिवसांपूर्वी बोलायला हवं होतं ते तेव्हा बोललो. यमाजी आजारी आहे, तो पुढे खेळणार नाही. चंदरनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. राहिलेला सामना सहा गड्यांवर खेळला गेला आणि आम्ही दोन गुणांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकच्या दुकानाच्या फळ्यांवर शेण फासलेलं होतं. लोकांनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. भर पावसाळ्यापर्यंत त्याच्याकडे कुणी गिऱ्हाईक आलं नाही. मी त्याला विचारलं, भीती वाटत नाही का. "वाटते ना," तो म्हणाला. "रोज वाटते."

यमाजीला आम्ही दोघांनी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला आणि तिथून त्याला लांबच्या क्षयाच्या रुग्णालयात धाडलं. गाडीत यमाजी कुंडलिकशी एक शब्द बोलला नाही. उतरताना फक्त म्हणाला, "तुमी माझं खेळणं घेतलं."

चौदा महिने तो तिथं होता. कुंडलिक एक रविवार सोडून एका रविवारी जायचा. मी एकदा बरोबर गेलो होतो. वॉर्डाच्या दारापाशी तो थांबला, धोतराचा सोगा नाकाला लावला, डोळे मिटले. त्या वासानं त्याला माळ्यावरचे आठ महिने आठवत असणार. मग आत शिरला, आणि यमाजीच्या खाटेच्या चार पावलं आधी सोगा नाकावरून काढून टाकला. घरी गेल्यावर हात सोलवटेपर्यंत धुवायचा, असं त्याची बायको सांगायची. पण खाटेशी नाक झाकून कधी बसला नाही.

यमाजी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. कुंडलिक स्टुलावर बसून बोलायचा. ठकू आणि पोरं बरी आहेत. किन्हवलीला सामना झाला, बाळ्यानं तिघे मारले. मुरबाडच्या म्हादूनं अशी पकड केली, तशी केली. तासभर बोलून उठायचा. सात महिने असं चाललं. एका रविवारी तो म्हादूची एक पकड सांगत होता आणि म्हणाला की म्हादू उजवीकडे वाकला.

"डावीकडं," यमाजी भिंतीकडे बघत म्हणाला.

"काय?"

"म्हादू उजवीकडं वाकत नाय. त्याचा उजवा गुडघा कच्चा हाय. डावीकडंच वाकला असंल. तुमी नीट बघितलं नाय."

"नसंल बघितलं," कुंडलिक म्हणाला.

यमाजी या कुशीवर वळला. म्हणाला, "मला इचारायचं होतंत त्या दिवशी. रेघेवर बसायच्या आदी."

"इचारलं असतं तर तू नाय म्हणाला असतास."

"नायच म्हणालो असतो," यमाजी म्हणाला, आणि उशी पाठीशी घेत, "बाळ्याचं सांगा. तिघे कसे मारले?"

१९५९ च्या पावसाळ्यात यमाजी सुटून आला. डॉक्टरांनी भट्टी आणि खेळ दोन्ही बंद सांगितलं. मी हेडमास्तरांकडे शब्द टाकला आणि त्याला शाळेत पाणी भरायला, घंटा द्यायला ठेवून घेतलं. पोरं त्याला यमाजीकाका म्हणायची. चंदर भोईर वर्षभर त्याच्यासमोर आला नाही. मग एक दिवस शाळेच्या मैदानावर आला आणि म्हणाला, नव्या पोरांना पकड शिकवशील का. यमाजी दर शनिवारी शिकवायला लागला, बसून, नुसतं बोलून.

१९६६ साली माझी बदली झाली. जाण्याच्या आधी मी पंच म्हणून शेवटचा सामना घेतला तो मुरबाडला. माझ्या मागे कुंडलिक आणि यमाजी शेजारी शेजारी बसले होते. आमचा एक अठरा वर्षांचा नवा गडी, मंगळ्या, चढाईला आत गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. समोरच्यांनी त्याला कोपऱ्यात कोंडलं होतं. मी क्षणभर मागे पाहिलं. कुंडलिकनं डोळे गच्च मिटून यमाजीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"सोडा दादा, हात दुखतो," यमाजी सांगत होता. "दम हाय पोरात. येतोय तो."

"बग तू. मला सांग."

"वळला. आता दोन पावलं."

"पुढं?"

"आला," यमाजी म्हणाला.